खुबूस की लेखेम?

मावशी, तू गेलीस यावर तुझा स्वतःचा विश्वास बसला नसता. डॉक्टरांनी नाडी बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि मान हलवली, तेव्हा माझ्या मनात पहिलं वाक्य तुझंच आलं, "दुसऱ्या कोणाला तरी बोलवा. याला काय कळतंय!" मी नर्स आहे, मला नाडी कळते. तरी डॉक्टर गेल्यावर मी तुझ्या मनगटावर बोटं ठेवून बराच वेळ बसून राहिले. तुझ्या वतीने खात्री करून घेत होते म्हण.

दहाव्याला कावळा लगेच शिवला. सगळे म्हणाले, बाई समाधानाने गेली. मला काही ते खरं वाटेना. तू आणि इतक्या चटकन समाधान? पलीकडच्या वहिनी रोज कावळ्यांना पोळी घालतात, त्यांच्यातलाच एखादा सोकावलेला असणार. हे मी तिथे बोलले नाही. तू असतीस तर तूच बोलली असतीस, आणि भटजींसमोर.

कोळीण माशाचे कल्ले उघडून लालभडक दाखवायची, तरी तू बांगडा नाकाशी न्यायचीस. दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचायचीस आणि मग थेंबभर दूध नखावर घेऊन बघायचीस. बँकेतून म्हणून कोणाचा फोन आला की त्यालाच विचारायचीस, "तुझं नाव काय? राहतोस कुठे? आई काय करते?" तो बिचारा, किंवा तो चोर, फोन ठेवून द्यायचा. तू हसायची नाहीस. "बघ, खरा असता तर सांगितलं असतं," एवढंच म्हणायचीस.

आई गेली तेव्हा मी शाळेत होते. तुझं मूलबाळ नव्हतं, काकाही आदल्याच वर्षी गेलेले. मला काका आठवतात ते फोटोतले, सौदीत एका कंपनीच्या मेसमध्ये पांढरी टोपी घालून उभे असलेले. तू मला घेऊन आलीस, वाढवलंस, एएनएमच्या नर्सिंग कोर्सला घातलंस. पण मला कुठे म्हणून जाऊ दिलं नाहीस. मुंबईच्या हॉस्पिटलात नोकरी लागत होती. तू हॉस्टेल बघायला बरोबर आलीस आणि परत आल्यावर म्हणालीस, "दाराला आतून कडी नीट बसत नाय." चिपळूणचं स्थळ आलं होतं. मुलगा तुला आवडला होता. "पण त्याची आई हसते फार. एवढं हसायला झालंय काय?" तेही राहिलं. म्हणून पुढे जे झालं त्यात मी तुझ्यावर संशय घेतला, तर तो उगाच नव्हता. मला तो अनुभवाने आला होता.

त्या दिवशी तू खळ्यात सुकट निवडत बसली होतीस. मी ड्युटीवरून आले आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं, "मावशी, मी इस्रायलला जायचं म्हणत्येय. म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला. आमच्या दवाखान्यातली अर्चना क्लासला जाते, मीही नाव घातलंय."

तू सुपातून मान वर केली नाहीस. "तिकडं लढाई नाय का चालू?"

"म्हातारी माणसं लढाईतही म्हातारीच होतात गं. त्यांना उचलून बसवायला, जेवू घालायला कोणीतरी लागतंच."

"हे तू म्हणतेस?"

"क्लासचे सर म्हणाले."

"मग सर हुशार आहेत." तू सुकटीतला एक खडा काढून दूर फेकलास. "जरा जपून रहा."

तिकडची भाषा शिकवायचा तो क्लास मिरजोळ्याला होता, एमआयडीसीच्या वाटेवर, एका टायरच्या दुकानाच्या माडीवर. आम्ही सगळ्या बायकाच. कोणी दवाखान्यात आया, कोणी माझ्यासारखी नर्स, एक लांज्याची मुलगी नुकतीच शिकून बाहेर पडलेली. सर मुंबईचे होते, गोड बोलायचे, प्रत्येकीला 'ताई' म्हणायचे. म्हणाले, व्याकरण नंतर बघू, आधी खाण्यापिण्याचे शब्द. पेशंटला भूक लागली, तहान लागली, एवढं कळलं की निम्मी नोकरी झाली. मला ते पटलं. आमच्या दवाखान्यात कुठून कुठून माणसं येतात, त्यांनाही आधी पाणीच लागतं.

दुसऱ्या दिवशी मी चहा टाकता टाकता शब्द घोकत होते. पाणी मोया. दूध हलीब. पाव खुब्झ. मासा समक. भात रुझ. तू मागे पाटावर बसून नारळ खोवत होतीस. खोवणीचा आवाज थांबला.

"परत म्हण."

मी म्हटलं.

"पावाला काय म्हणालीस?"

"खुब्झ."

"खुबूस," तू म्हणालीस. मग काकांच्या फोटोकडे बघितलंस. "तुझे काका सुट्टीवर आले की चार दिवस त्यांच्या तोंडातून हेच यायचं. इंदू, मोया दे. इंदू, आज समक काय आणलंस? मी म्हणायची, रत्नागिरीत आलात, आता बांगडा म्हणा. सुजे, हे सौदीचे शब्द आहेत. ही अरबी आहे."

मी तुला समजावलं. सरांनी सांगितलंच होतं की इस्रायलची भाषा आणि अरबी या बहिणी-बहिणी आहेत, शेजारी देश आहेत, शब्द सारखे असायचेच. मराठीत पाणी, हिंदीतही पानी. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "बहिणी असतील. पण जुळ्या?"

तेव्हा माझा पारा चढला. मी म्हटलं, "तुला मला पाठवायचंच नाही. हॉस्टेलची कडी, चिपळूणच्या बाईचं हसणं, आणि आता हे. उद्या मी इथल्या इथे मालगुंडला निघाले तरी तू काहीतरी काढशील." खोवणीचा आवाज पुन्हा सुरू झाला. मला अगदी खात्री होती की तू शब्द बनवून सांगत्येस. काका तर काही उठून साक्ष देणार नव्हते.

पुढच्या क्लासला मी निघाले तर तू पातळ बदलून, पायात चपला घालून पडवीत उभी.

"तू कुठे?"

"शिकायला. मला काय बंदी आहे?"

माडीचा जिना तू कठडा धरून चढलीस आणि सगळ्यांत मागे, भिंतीला टेकून बसलीस. सरांनी बघितलं, हसले. "आजी, तुम्हीही जाणार इस्रायलला?"

"जाईन की. म्हाताऱ्यांना म्हातारी बरी."

सगळ्या हसल्या. मला मान खाली घालावीशी वाटली. सर शिकवत होते, तू ऐकत होतीस. मध्येच हात वर केलास, अगदी शाळेतल्या मुलीसारखा. "सर, मिठाला काय म्हणतात?"

"मिल्ह."

"आणि साखरेला?"

"सुक्कर."

"बरोबर," तू म्हणालीस. "अगदी बरोबर. आमचे हे सौदीला होते, तिथलं मीठ मिल्हच होतं."

खाली टायरमध्ये हवा भरायचं यंत्र चालू होतं, तेवढाच आवाज. सर क्षणभर तुझ्याकडे बघत राहिले आणि मग पुन्हा हसले. "आजी, तेच तर सांगतोय. भाषा एकच आहे म्हणा ना."

"असेल. मला अडाणीला काय ठाऊक." मॅट्रिक झालेली तू, रोज पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारी! "फक्त तिथे राहिलेल्या एखाद्या बाईच्या तोंडून एकदा ऐकते. तोवर आमची सुजाता पासपोर्ट देणार नाय. चालेल ना?"

त्या दिवशी पासपोर्ट जमा करायचे होते. सर म्हणाले, चालेल की, काही घाई नाही. पण मी पुढे बसले होते, मला त्यांचा चेहरा दिसला. ते तुला 'चालेल' म्हणत होते आणि बघत होते अर्चनाकडे, म्हणजे मला घेऊन आली तिच्याकडे. त्या नजरेत 'ताई' नव्हती. तिथून माझा संशय फिरला. तुझ्यावरचा गेला असं नाही. सरांवरही आला, एवढंच.

हर्णैची सुकी मासळी विकणारी बाई आपल्याकडे यायची, तिच्याकडून तू माग काढलास. केळशीची शैला इस्रायलला एका म्हातारीकडे कामाला होती आणि सुट्टीवर घरी आली होती. एसटीने दापोली आणि दापोलीहून पुन्हा एसटी. तुला गाडी लागते, तू सगळ्या वाटेत आमसूल चघळत होतीस. मी विचारलं, तिला फोन केला असता तर चाललं नसतं का? तू म्हणालीस, "फोनवर तोंड दिसत नाय."

शैला घरी होती. चाळिशीची, हातापायाने मजबूत, दारात आंब्याच्या पेट्यांवर बसून आपल्याला कोण काय विचारत होती. तिलाही वाटलं असेल, या दोघी आल्या कुठून आणि कशासाठी. तू क्लासचं नावही काढलं नाहीस. मला डोळ्यांनी गप्प बसवलंस. इकडचं तिकडचं बोललीस, तिच्या सासूची चौकशी केलीस, मग अगदी सहज विचारलंस, "तिकडं पाण्याला काय गो म्हणतात?"

"मायिम."

"आणि पावाला?"

"लेखेम."

"दुधाला?"

"खलाव. तो ख आपला नाही हां मावशी, घशात काटा अडकल्यावर खाकरतो ना, तसा."

"मासा?"

"दाग."

"भात?"

"ओरेझ."

तू माझ्याकडे बघितलं नाहीस. ते मला फार लागलं, आणि नंतर फार बरंही वाटलं. दुसरी कोणी असती तर तिने 'बघ, म्हटलं नव्हतं?' म्हणून बघितलं असतं.

मग तू सगळं सांगितलंस. शैलाने आमचे शब्द ऐकले आणि कपाळाला हात लावला. "ही अरबी आहे. तिकडेही अरबी बोलणारे आहेत, नाही असं नाही. पण आपल्याला ज्या घरात काम करायचं त्या म्हातारीला खुब्झ म्हटलं तर ती तोंडाकडे बघेल. अगं, हे शब्द आखातातल्या स्वयंपाकघरातले. त्याला तुम्हाला कुठे न्यायचं होतं कोण जाणे!"

परतीच्या गाडीत, दाभोळची खाडी मागे पडली तेव्हा तू पिशवीतून आमसूल काढलंस आणि म्हणालीस, "पण ही शैला तरी खरं बोलते कशावरून?"

मी कपाळावर हात मारला. पण तूच पुढे म्हणालीस, "मी बघितलंय म्हणा. तू तिच्या सासूबरोबर चहा करायला आत गेलीस तेव्हा तिला त्या म्हातारीला फोन लावायला लावला. व्हिडिओवर. म्हातारी जेवत होती. मी आपली ताटाकडे बोट दाखवून म्हटलं, लेखेम? ती म्हणाली, केन, केन, लेखेम. केन म्हणजे हो. मग ठीक आहे."

आता बाकीच्या बायकांचं काय करायचं हा प्रश्न होता. मला वाटत होतं, आपण सुटलो, झालं. तू म्हणालीस, "अर्चनाचा पासपोर्ट त्याच्याकडे आहे." अर्चनाला सांगितलं तर ती आधी चिडली, मग रडली, मग तिनेच इतर बायकांना फोन केले. सर स्टँडजवळच्या लॉजवर उतरले होते. तिथे आपण सगळ्या गेलो. दुपारची वेळ, बनियनवर होते, घाईने शर्ट चढवून बाहेर आले. "ताई, काहीतरी गैरसमज झालाय."

तू पुढे झालीस. "झाला असेल. पासपोर्ट आधी द्या, गैरसमजाचं मागून बसून बोलू."

ते हसले. तू हसली नाहीस. मागे अर्चनाने फोन काढून कानाला लावला, कोणाला लावला होता तिचं तिलाच माहीत. ते आत गेले आणि रबर लावलेला गठ्ठा घेऊन आले. तू एकेक पासपोर्ट उघडून, फोटो बघून, जिचा तिला दिलास. एक राहिला, लांज्याच्या मुलीचा. ती आली नव्हती. सर म्हणाले, तिची तयारी आहे, तिला जायचंय. आपण तिला फोन केला, ती म्हणाली, तुम्हाला जायचं नसेल तर नका जाऊ, माझं का मोडता?

ती गेली. कुठे पोचली ते आजही नक्की माहीत नाही. तिच्या आईला फोन केला की ती म्हणते, पोरगी सुखात आहे, आणि फोन ठेवते. तू म्हणायचीस, सुखात असलेल्या पोरीची आई फोन एवढ्या घाईने ठेवत नाही. चुलीपुढे बसलेली असतानाही मध्येच तुला ती आठवायची. तिला बघितलंही नव्हतंस धड. क्लासमध्ये तुझ्या पुढच्या बाकावर होती, लाल क्लिप लावलेली, एवढंच.

मला वाटलं होतं, आता तू सुटकेचा श्वास सोडशील. मी घरी, क्लास बंद, तुझं म्हणणं खरं. पण शैलाने माझ्यासाठी तिकडे काम बघायचं कबूल केलं होतं. तिने परत जाऊन फोनवर शब्द बोलून पाठवायला सुरुवात केली आणि ते ऐकायला माझ्याआधी तू बसायचीस. घरातली एकेक वस्तू ओट्यावर मांडायचीस. मेलाख, मीठ. बात्साल, कांदा. बेत्सा, अंडं. ख तुला माझ्यापेक्षा चांगला यायचा. तू म्हणायचीस, आयुष्यभर मासे खाल्ले त्याचा उपयोग. साखरेला सुकार म्हणतात हे ऐकून तू खूश झालीस, "ही तर आपलीच बाय!" टोमॅटोला आग्वानिया म्हणतात यावर मात्र तुझा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. शैलाला तुझ्यासाठी तो शब्द दोनदा पाठवावा लागला.

"आमसुलाला काय म्हणतात विचार."

शैला म्हणाली, आमसूल तिथे नाहीच.

"मग सोलकढी?"

तीही नाही. आणि तिची म्हातारी कोळंबी खात नाही, खेकडे खात नाही, धर्माला चालत नाही. खवले असलेला मासा तेवढा चालतो. मटण आणि दूध एका जेवणात नाही. तू सगळं ऐकून गंभीर झालीस. "कोळंबी नाय? मग एवढा समुद्र काय बघायला दिलाय?" पण दुसऱ्या दिवशी मला बजावलंस, "तिच्या मटणाच्या भांड्याला दूध लावू नकोस हां. त्यांचा नेम आहे. आपला उपास कोणी मोडला तर आपल्याला चालेल?"

मग तू माझी परीक्षा घ्यायला लागलीस. खाटेवर आडवी व्हायचीस, डोळे मिटायचीस, आणि मी म्हणायचं, "आत् त्समेआ?" म्हणजे तहान लागली का? तू म्हणायचीस, "लो." नाही. "आत् रेएवा?" भूक? "लो." माराक देऊ, सूप? लो. 'ते', म्हणजे चहा? लो. मी वैतागून म्हटलं, सगळ्याला नाही म्हणालीस तर मी शिकू काय? तू एक डोळा उघडून म्हणालीस, "म्हातारी माणसं अशीच असतात. शीक."

मला तेव्हाही कळत नव्हतं. मला निरोप द्यायची तू तालीम करत होतीस, की तिकडची म्हातारी किती छळेल हे दाखवून मला घाबरवत होतीस? विचारायला हवं होतं. विचारलं असतं तरी तू सरळ उत्तर दिलं नसतंस.

आणि मग तुझं 'लो' खरं व्हायला लागलं. पेजही अर्धी उरायची. पातळाच्या निऱ्या जास्त यायला लागल्या. मी रोज पेशंट बघते, मला कळलं. आमच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी पोटाचा फोटो आणि दुर्बिणीची तपासणी सांगितली. तू खुर्चीतून उठलीस. "मशीन कोणाचं?"

"मावशी, मशीन कोणाचं याच्याशी काय करायचंय?"

"यांच्या मेहुण्याचं असेल. मला काय झालेलं नाय. पित्त आहे."

मी समजावलं, भांडले, पाया पडले. प्रत्येक वेळी तुझं एकच, "त्या सरांच्या वेळीही तू अशीच त्यांची बाजू घेतलीस." तुझ्या त्या एका वाक्यात पावसाळा गेला. मावशी, मला याचा राग आहे. तू गेल्यावर कमी होईल असं वाटलं होतं, झाला नाही. लबाड माणूस तू नेमका ओळखलास, मग चांगला माणूस का ओळखता आला नाही तुला? आमचे डॉक्टर चांगले होते गं. कोल्हापूरला नेलं तोवर फार उशीर झाला होता. तिथल्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून घेतलं, आणि मी नर्स असल्यामुळे फार शब्द वापरले नाहीत.

मी शैलाला कळवलं, माझं सध्या जमणार नाही. तुला सांगितलं नव्हतं, पण तुला कळलं. तू म्हणालीस, "माझ्यासाठी राहिलीस म्हणून सांगत फिरशील पुढे."

"नाही फिरणार."

"बघू."

आणि मी तुझ्या उशाशी बसून, तुझ्या ओठांना ओल्या कापसाने पाणी लावताना, एक घाणेरडा विचार करत होते, की तू तपासणी टाळलीस ती मला थांबवण्यासाठी तर नाही? दाराची कडी, त्या बाईचं हसणं, आणि आता हे. हे मी तुला बोलले नाही. तुझा हात माझ्या हातात होता, तू तो सोडवून घेतला असतास किंवा नसतास, मला ठाऊक नाही. माझं विचारायचं राहिलं ते हेच.

काल दुपारी शैलाचा फोन आला. तेरावं झाल्यावर करायचा म्हणून थांबली होती. आधी रडली. मग म्हणाली, "सुजाता, एक सांगायचंय. मावशींनी शपथ घातली होती, पण आता त्या शपथेचं काय!"

तुला हॉस्पिटलात ठेवलं होतं तेव्हा तू शैलाला फोन केला होतास. मी औषधं आणायला खाली गेले की वॉर्डातल्या आयाबाईंचा फोन मागून घ्यायचीस. एकदा नाही, बरेचदा. शैलाच्या म्हातारीच्या ओळखीत दुसरी एक म्हातारी आहे, तिची मुलगी माणूस शोधते आहे. तू शैलाला म्हणालीस, तिला जोडून दे, मला तिचं तोंड बघायचंय. आणि त्या परक्या बाईला, नाकात नळी असताना, तू प्रश्न विचारलेस. शैला मध्ये सांगायला होती, पण तिचं ऐकून घ्यायला तुला धीर नव्हता, स्वतःच्याच शब्दांनी सुरू झालीस. ओरेझ? माझ्या पोरीला भात मिळेल? दाग? मासे शिजवू द्याल? घरात वास येतो म्हणून नाक नाही मुरडणार? ती बाई हो म्हणाली. मग शैलाकडून विचारून घेतलंस, झोपायची खोली वेगळी आहे का, दाराला कडी आहे का. तिने उठून कडी लावून दाखवली. तू सांगितलंस, परत लाव. तिने परत लावली.

शैला म्हणाली, "त्या बाईला वाटलं, कामाला येणार ती बाई हीच. म्हणाली, या फार आजारी दिसतात, पण माझ्या आईला अशीच चौकस बाई हवी होती."

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंन?"

"मीही विचारलं. म्हणाल्या, तिला आत्ता सांगू नको. तिला वाटेल मी तिला घालवायला बघत्येय."

फोन ठेवल्यावर मी तुझ्या खाटेवर जाऊन बसले. बाहेर वहिनी कोणाशी तरी नळाच्या पाण्यावरून भांडत होत्या. मला हसू आलं, मग ते हसू राहिलं नाही. एकाच घरात, एका ओट्याशी, आपण दोघी एकमेकींशी इतकं जपून वागलो की मला अजूनही जायचंय हे मी तुला सांगितलं नाही आणि जा हे मला तुझ्याकडून ऐकायला मिळालं नाही. तू ते एका परक्या बाईला, तोडक्यामोडक्या परक्या भाषेत सांगून गेलीस.

उद्या दुपारी त्या बाईचा व्हिडिओवर फोन यायचा आहे. मी घेणार आहे. तुझे आभार मानायला मला अजून जमत नाही मावशी, राग मध्ये येतो. पण फोनवर मी आधी माझं काही सांगणार नाही. तिने तुला जे जे कबूल केलंय ते सगळं तिच्याकडून पहिल्यापासून पुन्हा ऐकून घेणार आहे, तिच्या तोंडाकडे नीट बघत.